साठवरचा काटा

आमच्या बाबांना हट्टी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. त्यांना त्याचं काही वाटत नाही आणि मला तर मुळीच नाही. फक्त त्यांच्या गाडीबद्दल बोलायचं असेल तर आधी इंजिन चालू असताना बॉनेटवर तळहात ठेवून या, मग तोंड उघडा. वीस वर्षं आमच्या वस्तीने हात न ठेवताच तोंड चालवलं. शेवटी कोण खरं ठरलं ते सांगायलाच मी बसले आहे, आणि त्यात बाबांचं सगळंच बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही.

गाडी अमेरिकन आहे, बाबांपेक्षा वयाने थोडी मोठीच. रंग काळा, मागे दोन पंख उचललेले, पुढे निकेलची जाळी, आत सोफ्यासारखी सलग सीट आणि गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. बॉनेटखाली आठ सिलिंडर. ती आमच्या अंगणात उभी राहिली की अंगण उरत नाही. वस्तीत तिला सगळे म्हैस म्हणतात. "म्हैस निदान दूध तरी देते," असं मिस्त्रीकाका म्हणायचे, आणि मिस्त्रीकाका म्हणजे बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र. बाकीचे काय म्हणत असतील ते तुम्हीच ठरवा.

बाबा पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, 'येथे वाहन उभे करू नये'च्या. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. जमिनीवर टर्पेंटाइनचे डाग, भिंतीला टेकवलेले पत्रे, खिळ्याला लटकवलेली खडूची दोरी. त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे पेंटर म्हणतात. चाळीस वर्षांत त्यांची एकही पाटी चुकीसाठी परत आलेली नाही. ते म्हणतात, "कागदावरची चूक खोडता येते. पाटीवरची चूक लोक पाठ करतात."

एकदा एक चष्मेवाला स्वतःच्या हाताने मजकूर लिहून घेऊन आला. त्यात नेमका 'दृष्टी' हाच शब्द चुकला होता. बाबांनी सांगितलं, दुरुस्त करून लिहीन. तो म्हणाला, "दुकान माझं, पाटी माझी, तुम्हाला काय करायचंय?" बाबा म्हणाले, "दुकान तुमचं, अक्षर माझं." तो तणतणत निघून गेला आणि दुसऱ्या पेंटरकडून पाटी करून घेतली. ती अजून तिथंच आहे. बाबा त्या रस्त्याने जाताना मान वळवून घेतात.

पण या चाळीस वर्षांच्या बिनचूकपणामागे एक माणूस आहे, आणि ते बाबा नाहीत. ती आई आहे. पाटी वाळली की बाबा ती स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवतात. आई हात पुसत येते आणि पाटी उलटी वाचते. म्हणजे शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, एकेक करत. ती म्हणते, सरळ वाचलं की डोळा अंदाजाने पुढे पळतो आणि चूक मागे राहते. सगळं ठीक असलं की ती उजव्या कोपऱ्यात खडूने एक बारीकशी बरोबरची खूण करते. बाबा गिऱ्हाइकाला पाटी देण्याआधी ती खूण फडक्याने पुसतात. त्या खुणेशिवाय आमच्या घरातून पाटी बाहेर जात नाही.

आता गाडी घरात कशी आली ते. बाबा एका चित्रपटगृहाचे मोठे फलक रंगवायचे. ते बंद पडलं तेव्हा मालकांनी आवराआवर सुरू केली. मागच्या पत्र्याच्या छपराखाली ही गाडी कित्येक वर्षं धूळ खात उभी होती. मालक म्हणाले, कोणाला हवी असेल तर न्या, नाहीतर भंगारवाल्याला सांगितलंय. बाबांना गाड्यांतलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी नुसता डिक्कीवरून हात फिरवला आणि धुळीखालून नाव वर आलं. निकेलची अक्षरं, एकमेकांत गुंफलेली, एका झटक्यात लिहिल्यासारखी. बाबा सांगतात, "लोखंड वाकवून कोणीतरी इतकं सुंदर लिहिलं होतं. ते वितळवायला कसं देऊ?" एवढ्यासाठी त्यांनी ती आणली. इंजिन हा त्यांना नंतर सापडलेला नफा.

आणली खरी, पण फाटकातून आत जाईना. बाबांनी फाटकाचा एक खांब पाडला. तरी जाईना, म्हणून आईचं लिंबाचं झाड तोडलं. आई त्या दिवशी तिच्या बहिणीकडे गेली होती. परत आली तेव्हा झाडाच्या जागी म्हैस उभी होती. आईने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने तीन महिने बाबांशी बोलणंच बंद केलं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि घरातला टेलिफोन झाले होते. "सांग तुझ्या बाबांना, जेवायला वाढलंय." "सांग तुझ्या आईला, भूक नाही." पाट्या मात्र दाराशी येत होत्या, आई मुकाट्याने उलट्या वाचत होती, खूण करत होती आणि आत जात होती. रागापायी चुकीची पाटी जाऊ द्यावी इतकी काही ती चिडली नव्हती.

त्याच तीन महिन्यांत मिस्त्रीकाकांनी गाडी चालू केली. त्यांचं गॅरेज आमच्याच रस्त्याला आहे. समोरचं वेगाचं मीटर उन्हाने पार उडालं होतं, काचेला तडा, आकड्यांचे पापुद्रे. काकांनी ती गोल चकती काढून बाबांच्या हातात दिली. बाबांनी सगळ्यात बारीक ब्रश घेऊन दहापासून एकशेवीसपर्यंतचे आकडे पुन्हा काढले. खाली तीन इंग्रजी अक्षरं होती, त्यातलं शेवटचं एच तेवढं शिल्लक होतं. बाबांनी आधीची दोन भरून काढली आणि के.एम.एच. असं सुबक लिहिलं. किलोमीटर दर तासाला, सगळ्या गाड्यांवर असतं तसं. चकती इतकी देखणी झाली की काकांनी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. आईला मात्र कोणी दाखवली नाही. त्या दिवसांत गाडीचा साधा नटसुद्धा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्यायची कोणाची छाती नव्हती.

आणि मग वाद सुरू झाला तो वीस वर्षं चालला. जागा ठरलेली, गॅरेजबाहेरचं बाकडं. वेळ ठरलेली, संध्याकाळी काकांनी हात धुतल्यावर. पंच म्हणून निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं घड्याळ रोज सकाळी रेडिओबरोबर मिळवलेलं असायचं आणि त्यांच्या शब्दाला त्या घड्याळाइतकाच मान होता.

"ॲव्हरेज किती देते?" काका रोज नव्याने विचारायचे.

"चार."

"लिटरला चार किलोमीटर. अरे, एवढ्या पेट्रोलमध्ये माझा ट्रक दोन फेऱ्या मारतो. आणि पळते किती?"

"साठ. आरामात."

"आरामात? साठला तुझी म्हैस ताप भरल्यासारखी थरथरते. आरसा हलतो, काचा हलतात, मागे बसलेल्याचे दात वाजतात. माझ्या भाच्याची डबडी गाडी साठला असली की त्यात बसून चहा पिता येतो. आठ सिलिंडर आहेत म्हणे. त्यातले चार झोपलेले असणार."

"गाडी चहा प्यायला नसते, मिस्त्री. चढावर तिची ओढ बघ. टॉप गिअरमध्ये चढते, गिअर खाली टाकावा लागत नाही."

"ओढतो तर बैलही."

बाबा हटायचे नाहीत. गाडीने जे केलं त्याचं ते समर्थन करायचे आणि जे केलं नाही त्याचं दुप्पट करायचे. एकदा आम्ही आत्याकडे गेलो. रस्त्यावरच्या दगडांप्रमाणे अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटर, गाडीच्या मीटरवर भरलं तीस. काका म्हणाले, मीटरचे दात झिजलेत. बाबा म्हणाले, जुन्या रस्त्याचे दगड ठेकेदाराने दुपारच्या झोपेत टाकलेत. "नाचता येईना अंगण वाकडं," काका म्हणाले. दुसऱ्यांदा एका हवालदाराने बाबांना शाळेजवळ अडवलं आणि विचारलं, वेगाची काही शुद्ध आहे का. बाबांनी शपथेवर सांगितलं की काटा चाळीसवर होता. हवालदार म्हणाला, "चाळीस? तुमच्या वाऱ्याने माझी टोपी उडाली." बाकड्यावर यावर आठवडाभर चर्चा झाली आणि निकाल असा लागला की गाडी मोठी आहे, म्हणून वारा जास्त होतो. पोस्टमास्तरांनीही तो मान्य केला. आज आठवलं की मला हसावं की रडावं कळत नाही.

काकांच्या मनात मात्र वाईट काही नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांना मित्राची चेष्टा झालेली बघवत नव्हती, एवढंच की चेष्टा करणाऱ्यांत ते स्वतः पुढे असायचे. त्यांचा उपाय एकच, डिझेल इंजिन. मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन काढायचं, गाडीत बसवायचं, ॲव्हरेज तिप्पट. अशा जुन्या गाड्यांना त्यांनी स्वतःच्या हातांनी डिझेल इंजिनं बसवली होती आणि त्या सगळ्या अजून चालत होत्या, टेम्पोसारखा आवाज करत.

बाबांचं उत्तर दर वेळी तेच असायचं. "डिक्कीवर एक नाव आणि पोटात दुसऱ्याचं इंजिन. ती खोटी पाटी झाली. मी खोटी पाटी लावत नाही."

गेल्या वर्षी गोष्टी हातघाईवर आल्या. पाट्यांची कामं आटली होती. आता दुकानदार संगणकावर छापून आणतात, चार दिवसांत उन्हाने उडालं की पुन्हा छापतात. जो तो बाबांना शहाणपण शिकवायला लागला. ब्रश सोडा, संगणक घ्या. इंजिन सोडा, डिझेल घ्या. मी शिवणकाम करते, शाळांचे गणवेश शिवते, तर मलासुद्धा लोक रस्त्यात थांबवून सांगायचे की बाबांना समजाव. मी म्हणायचे, तुमच्या मुलाच्या पँटचं माप सांगा आणि चालू लागा.

त्यात गाडीचा कार्बोरेटर रुसला. काकांनी तो उघडला, साफ केला, बसवला आणि हात पुसत पोस्टमास्तरांसमोर सांगून टाकलं, "हे शेवटचं. याचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि मी आता साठीला आलोय. यापुढे या इंजिनाला मी हात लावणार नाही. डिझेल टाकायचं असेल तर गाडी आण."

दुसरं कोणी त्या इंजिनाला हात लावू शकत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. बाबांनी बॉनेट हळूच खाली लावलं. मग म्हणाले, "काय केलं म्हणजे हात लावशील?"

काकांनी रस्त्याकडे बघितलं. नवा हमरस्ता सहा महिन्यांपूर्वीच खुला झाला होता, सपाट आणि सरळ. "साठ पळते म्हणतोस ना? नाक्यापासून पुलापर्यंत बारा किलोमीटर आहे. बारा मिनिटांत, न थांबता. माझं म्हणणं, पाचव्या किलोमीटरला वाफ सोडेल. पोचलास तर मी मरेपर्यंत हे इंजिन सांभाळीन आणि डिझेलचं नाव काढणार नाही. नाही पोचलास, तर सोमवारी इंजिन खाली."

"शेंडी तुटो की पारंबी तुटो," बाबा म्हणाले, "रविवारी सकाळी."

रविवारी आम्ही चौघं निघालो. बाबा चालवायला, काका त्यांच्या शेजारी, मागे मी आणि घड्याळ घेऊन पोस्टमास्तर. आई आली नाही. ती त्या गाडीत वीस वर्षांत एकदाही बसली नव्हती. मी काम टाकून तशीच निघाले होते, गळ्यात मापाची टेप लटकतच होती.

नाक्यावरच्या दगडाशी बाबांनी गाडी उभी केली. पोस्टमास्तरांनी हात वर केला आणि खाली आणला. बाबांनी घाई केली नाही. पहिला, दुसरा, टॉप. काटा वीस, चाळीस, पन्नास असा चढत साठवर आला आणि बाबांनी तो तिथंच धरला, जसा ते ओळ काढताना ब्रश धरतात. गाडी थरथरायला लागली. आरसा हलला. माझे दात वाजले, ते कबूल करते. बाजूने झाडं सरसर मागे जात होती. काका मीटरकडे आणि बॉनेटकडे आळीपाळीने बघत होते, पण बॉनेटखालून वाफेची रेघसुद्धा येत नव्हती. दगड मागे पडत होते, पाच, सहा, आठ. बाराव्या दगडाशी बाबांनी ब्रेक लावला आणि गाडी पुलाच्या कठड्यापाशी थांबली.

"सात मिनिटं चाळीस सेकंद," पोस्टमास्तर म्हणाले. मग त्यांनी घड्याळ कानाला लावलं.

"बंद पडलं असेल," काका म्हणाले.

"माझं घड्याळ बंद पडत नाही."

काकांनी दरवाजा उघडला, एक पाय बाहेर टाकला आणि पुन्हा आत घेतला. त्यांनी मीटरमधल्या अंतराच्या आकड्यांकडे वाकून बघितलं. निघताना त्यांनी ते बसच्या जुन्या तिकिटाच्या मागे लिहून घेतले होते. "हे बघा," ते म्हणाले, "मीटर म्हणतंय आपण साडेसात किलोमीटर आलो. काटा साठवर होता, म्हणजे मिनिटाला एक. साडेसात मिनिटं, साडेसात किलोमीटर. हिशेब चोख बसतोय. मीटर बरोबर, घड्याळ बरोबर. तेव्हा दगड चुकीचे. आपण बारा आलोच नाही. आणि तू थांबलास, पेंटर. शर्यत न थांबता होती."

बाबा स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. "दगड चुकीचे नाहीत," ते म्हणाले.

"जुन्या रस्त्याचे चुकीचे होते ना? तेव्हा तर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस."

"हे दगड मी लिहिलेत. इंजिनिअरने टेप टाकून अंतर मोजलं तेव्हा मी उन्हात तिथं उभा होतो. आणि आकड्यांच्या यादीवर हिच्या आईची खूण आहे."

"मग मीटर चुकीचं म्हण."

दगडावरचे आकडे त्यांच्या हातचे आणि मीटरवरची अक्षरंही त्यांच्याच हातची. त्यातलं एक खोटं असल्याशिवाय गाडी त्या पुलावर उभी असू शकत नव्हती.

माझा हात सवयीने टेपशी चाळा करत होता. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. मागच्याच महिन्यात एका आईने फोनवर बाहीचं माप दिलं होतं, आकडा खरा पण बाजू दुसरी, आणि मी शिवलेली बाही पोराच्या कोपरापर्यंतही पोचली नव्हती. मी टेपकडे बघितलं, मग बाराव्या दगडाकडे, मग त्या साडेसातकडे.

"बाबा," मी विचारलं, "त्या चकतीवर आधी काय लिहिलेलं होतं?"

"एच," बाबा म्हणाले.

"त्याच्या आधी?"

पोस्टमास्तरांना माझ्या आधी कळलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. "साडेसात मैल," ते हळूच म्हणाले, "म्हणजे बारा किलोमीटर."

काका बाबांकडे बघत राहिले. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ती चकती रंगवण्याआधी आम्हा दोघा-तिघांच्या हातांतून गेली होती, पण त्यावरची उडालेली अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन फक्त बाबांनी बघितली होती. तिथं काय होतं हे दुसऱ्या कोणालाही सांगता आलं नसतं. बाबांनी नुसतं म्हटलं असतं की के.एम.एच.च होतं, तर विषय संपला असता. दगड चुकीचे ठरले असते, त्याचा दोष इंजिनिअरच्या टेपवर गेला असता, चाळीस वर्षांच्या बिनचूक पाट्यांना धक्का लागला नसता. सोमवारी फक्त इंजिन खाली उतरलं असतं.

बाबांनी मीटरच्या काचेवर अंगठा ठेवला. "मला वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "पुसट होतं. मी अंदाजाने भरलं. सगळ्यांवर असतं तेच असेल म्हणून भरलं. ही मैलांत सांगत होती आणि मी तिच्या तोंडावर किलोमीटर लिहिलं. पाटी माझी चुकली, मिस्त्री. गाडी शंभराच्या जवळ पळत होती आणि मी वीस वर्षं सगळ्यांना साठ सांगत होतो."

काकांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "चकती मीच बसवली," ते म्हणाले. "मेकॅनिक म्हणवतो स्वतःला. मला कळायला नको?" मग त्यांच्या डोक्यात आणखी काहीतरी शिरलं. "म्हणजे ॲव्हरेज चार नाही. सहाच्या वर."

"सहा पूर्णांक चार," पोस्टमास्तर म्हणाले.

"आणि हवालदाराची टोपी?"

"त्या बिचाऱ्याची माफी मागायला हवी," बाबा म्हणाले, आणि परत येताना त्यांनी काटा पंचवीसच्या वर जाऊ दिला नाही.

मला वाटलं विषय इथं संपला. काका इंजिन सांभाळणार होते, पुलावरची गोष्ट चौघांत राहिली असती. पण बाबांनी घरी आल्याबरोबर एक कोरा पत्रा घेतला, निळा हात मारला आणि संध्याकाळपर्यंत वाळवला. काका चक्कर मारायला आले आणि खडूने आखलेला मजकूर वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे, कशाला हात दाखवून अवलक्षण करतोस? उरलीसुरली कामंही जातील. लोक म्हणतील, पेंटरच चुकतो."

"म्हणू देत. माझी चूक लोकांनी वीस वर्षं पाठ केलीय. ती पुसायची तर तिच्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावं लागेल." बाबांनी ब्रश बुडवला. "तिला म्हैस म्हणाले, मी ऐकून घेतलं. तिचा दोष नव्हता हे आता सगळ्यांना वाचावं लागेल. तुझ्या बाकड्यावर टांगणार आहे."

"माझ्या गॅरेजवर?"

"जिथं बदनामी झाली तिथंच."

दुसऱ्या दिवशी खिळे त्यांनीच ठोकले.

पण त्याआधी सकाळी बाबांनी पाटी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली. पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'या गाडीचे मीटर मैलांत आहे. ते किलोमीटरमध्ये लिहिण्याची चूक पेंटरची. गाडी कधीच चुकली नव्हती.' आई हात पुसत आली, खाली बसली आणि शेवटच्या अक्षरापासून वाचायला लागली. बाबा दाराला टेकून उभे होते. आजवर मी त्यांना पाटी वाचली जाताना तिथं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी निघून जायचे, इतका त्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा होता.

आईने वाचून संपवलं. "चकती तेवढी मला दाखवली नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"दाखवली असती तर मी विचारलं असतं, एचच्या आधीचं पुसलेलं तुम्हाला कसं कळलं."

"तू बोलत नव्हतीस."

"बोलत नव्हते. वाचत तर होते."

आईने कमरेला खोचलेला खडू काढला आणि उजव्या कोपऱ्यात बारीकशी बरोबरची खूण केली. मग ती उठली, पायात चपला घातल्या, अंगणात गेली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा गाडीचा दरवाजा उघडून पुढच्या सीटवर बसली. आतूनच म्हणाली, "माझ्या लिंबाच्या जागेवर उभी आहे. बघू तरी, किती पळते."

बाबा निघणार होते, पण दारातून परत फिरले. नेहमीप्रमाणे फडकं त्यांच्या खांद्यावर होतं. त्यांनी ते घेतलं नाही. सगळ्यात बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि त्या खडूच्या खुणेवरून, तिचा आकार जराही न बदलता, एकदा फिरवला.